फवारणीचा मास्क आणि पीएच.डी.

२००२ साली केंद्र सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तेच बियाणं आलं. अकोट, दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर या पट्ट्यातला शेतकरीही त्यात मागे राहिला नाही. महागडं पाकीट दरवर्षी विकत घ्यायचं, लागवडीचं अंतर बदलायचं, खताचा आणि उधारीचा हिशेब नव्याने मांडायचा, हे सगळं त्याने थोड्याच हंगामांत अंगवळणी पाडून घेतलं. याच शेतकऱ्याला आणि त्याच्या वावरात राबणाऱ्या मजुराला फवारताना तोंडाला मास्क लावा, हातात मोजे घाला, असं कृषी खातं सांगतं, आरोग्य खातं सांगतं, औषधाच्या डब्यावरची चिठ्ठीही सांगते. ते मात्र रुजलेलं नाही. वऱ्हाडातला माणूस नवं काही स्वीकारतच नाही, हे स्पष्टीकरण इथे चालणार नाही. कपाशीने ते केव्हाच खोटं ठरवलं आहे. त्याला जिवाची पर्वा नाही, असं म्हणणं तर अन्यायाचं आहे. मग एक बदल झपाट्याने होतो आणि दुसरा वर्षानुवर्षं अडून राहतो, तो का? या प्रश्नाचा शिस्तीने शोध घेणारी विद्याशाखा म्हणजे आरोग्याचं वर्तनशास्त्र. तिच्यात डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यास होतो, आणि तो अमरावती-अकोल्याच्या भूमीत मुळापासून व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

फवारणीचंच उदाहरण जवळून पाहू. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. वऱ्हाडाच्या इतर जिल्ह्यांतूनही रुग्ण आले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, गावोगावी संरक्षक किट वाटले गेले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, माणसाच्या छातीच्या आणि डोक्याच्याही वर. खाली फवारायचं औषध समोर आणि वर फवारावं लागत होतं आणि त्याचा तुषार तोंडावर येत होता. पाठीवर भरलेला पंप, पावसाळी दमट उकाडा, घामाने चिकटलेला सदरा. अशा वेळी रबरी मोज्यांत हात भिजतात, चष्म्यावर वाफ धरते, मास्कमध्ये श्वास कोंडतो. मजुरी किती पंप मारले यावर ठरलेली असेल, तर थांबून चष्मा पुसण्यात मजुराचे पैसे जातात. औषध निवडतो मालक, त्याला सल्ला देतो कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, ड्रममध्ये काठीने ढवळून पंप भरतो आणि मारतो मजूर, आणि त्याचे विषारी कपडे घरी धुते त्याची बायको. सुरक्षिततेचं प्रशिक्षण मात्र बहुतेक वेळा सातबारावर ज्याचं नाव आहे त्याला मिळतं. इतकं सगळं समोर ठेवल्यावर ‘मजूर मास्क लावत नाही’ हे वाक्य फार अपुरं वाटू लागतं.

माणसं फायद्याची गोष्ट समोर असूनही का करत नाहीत, हा प्रश्न या विद्याशाखेच्या जन्मापासूनचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग लवकर ओळखण्यासाठी छातीच्या फुकट क्ष-किरण तपासणीची सोय केली. सोय फुकट होती, जवळ होती, तरी माणसं अपेक्षेइतकी येत नव्हती. गॉडफ्रे हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतल्या बाराशेहून अधिक प्रौढांशी बोलून याचा शोध घेतला. बाहेरून ठणठणीत दिसत असतानाही आपल्याला क्षय असू शकतो, आणि तो लवकर कळला तर आपला फायदा आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी आपणहून तपासणी करून घेतली होती. दोन्ही न पटलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. त्याने हा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला आणि त्यातून ‘आरोग्य-श्रद्धा प्रारूप’ उभं राहिलं. पुढे १९७७ साली आल्बर्ट बँड्युराने आणखी एक धागा जोडला : ‘हे मला जमेल’ असा विश्वास नसेल, तर पटलेली गोष्टही माणूस करत नाही. असा विश्वास मुख्यतः स्वतः करून पाहण्यातून आणि आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहण्यातून येतो; नुसत्या उपदेशाचा जोर त्यामानाने कमी पडतो. आज या विषयाचे विद्यार्थी अशी कितीतरी प्रारूपं शिकतात. ती शिकायची ती पाठांतरासाठी नव्हे, तर शेतात, घरात, दवाखान्यात नेमकं काय शोधायचं हे कळावं म्हणून.

परदेशी प्रारूप आणून वऱ्हाडावर डकवलं की काम झालं, असं मात्र होत नाही, आणि स्थानिक संशोधनाची गरज इथेच सुरू होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास केला, तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची पहिली खबर शेतकऱ्याला बहुधा विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते लावायचा निर्णय त्याने शेजाऱ्याचं पीक पाहून आणि त्याच्याशी बोलून घेतला होता. बीटी कपाशीच्या बाबतीतही शेजारच्या धुऱ्यापलीकडचं पीक दिसत होतं. मास्कचा फायदा असा दिसत नाही. मास्क लावल्यामुळे जो माणूस आजारी पडला नाही, त्याच्याकडे बोट दाखवून कुणी ‘हा बघा फायदा’ असं म्हणू शकत नाही. त्रास मात्र लगेच जाणवतो. शिवाय ही प्रारूपं एकटा माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो असं धरून चालतात. आपल्याकडे फवारणीचा निर्णय चार जणांत विभागलेला असतो, बाळंतपणाचा निर्णय सासू, नवरा, आशाताई आणि रात्रीच्या वेळी गाडी मिळते की नाही यांच्यात. अशा वाटून घेतलेल्या निर्णयांचं शास्त्र आपल्याला इथेच उभं करावं लागेल. त्यासाठी महिना-दोन महिन्यांचं सर्वेक्षण पुरत नाही. त्याला डॉक्टरेटचाच कालावधी आणि डॉक्टरेटचीच शिस्त लागते.

ही शिस्त काय असते, हे सामान्य वाचकाला सहसा सांगितलं जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं मिळतात. पहिल्या वर्षात संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि संशोधनाची नीती यांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. मग नीतिसमितीची मंजुरी घ्यायची, म्हणजे गावातल्या माणसाची माहिती त्याच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही याची हमी द्यायची. त्यानंतर खरं काम. आधी ऐकायचं : मुलाखती, गटचर्चा, प्रत्यक्ष निरीक्षण. माणसं काय करतात, काय करतो म्हणून सांगतात, आणि या दोन्हींत अंतर का पडतं, हे टिपायचं. त्यावरून मोजमापाची प्रश्नावली तयार करायची, ती वऱ्हाडीत आणि गरज पडली तर मेळघाटातल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत नेऊन पुन्हा मूळ भाषेत उलटवून अर्थ तोच राहिला का हे तपासायचं. मग एखादा छोटा उपाय काही गावांत करून पाहायचा आणि तशाच दुसऱ्या गावांशी तुलना करायची. शेवटी, फरक पडला असेल तर कशामुळे, आणि पडला नसेल तर का नाही, हे प्रामाणिकपणे लिहायचं. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स अशा ठिकाणी या विषयाच्या आसपासचं डॉक्टरेटचं संशोधन होतं. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या अनेक विद्यालयांत तर वर्तनशास्त्र आणि आरोग्यसंवर्धन हा स्वतंत्र विभागच असतो.

आपल्याकडच्या आरोग्यविषयक प्रबंधांत ज्याची सर्वांत जास्त चलती आहे, तो प्रकार म्हणजे ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’ यांचं सर्वेक्षण. दोन-तीनशे लोकांना प्रश्न विचारायचे, किती जणांना माहिती आहे याचे टक्के काढायचे, आणि शेवटी ‘जनजागृतीची गरज आहे’ असं लिहायचं. या पद्धतीत उत्तर प्रश्नातच बसवलेलं असतं. फक्त माहिती मोजली की फक्त माहितीचाच अभाव सापडतो. खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाचं, उदाहरण घ्या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे विदर्भातल्या पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण खर्रा पानठेल्यावर समोरच घोटून मिळतो, आणि तो चारचौघांत वाटून खाल्ला जातो. त्याला उभं राहण्याची, गप्पांची, एकमेकांना पुढे करण्याची एक पद्धत जोडलेली आहे. सुपारी आणि तंबाखूची तलफ तर आहेच. जो अभ्यास या तलफेकडे, या सोबतीकडे आणि ठेलेवाल्याच्या पोटापाण्याकडे एकत्र पाहणार नाही, त्याच्या हाती सोडवण्याचा मार्ग लागणार नाही.

असं संशोधन वऱ्हाडात होऊ शकतं आणि त्याचा उपयोगही होतो, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. ‘विश्राम’, म्हणजे विदर्भ ताण आणि आरोग्य कार्यक्रम, याचा अभ्यास जिल्ह्यातल्या तीस गावांत झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतल्या या गावांत नैराश्याने ग्रासलेल्या माणसांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे सुरुवातीला अवघे ४.३ टक्के होते. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी आणि छोट्या बैठकांत मनाच्या आजाराबद्दल बोललं गेलं, समुपदेशक नेमले गेले, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था केली गेली. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आदल्या बारा महिन्यांत मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. यात एक उणीव आहे आणि ती लपवण्याचं कारण नाही : आधीच्या आणि नंतरच्या पाहणीची ही तुलना होती, कार्यक्रम न झालेल्या गावांचा वेगळा गट त्यात नव्हता. म्हणून सगळा बदल या कार्यक्रमामुळेच झाला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण नेमकी हीच पुढच्या प्रबंधाची सुरुवात आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, केंद्राची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. कोण हा क्रमांक लावतो, कोण लावत नाही, कुणाला आशाताईजवळ मन मोकळं करता येतं आणि कुणाला गावातल्याच माणसापुढे बोलायची भीती वाटते, हे शोधण्याचं काम अजून भरपूर उरलेलं आहे.

मेळघाटात हा प्रश्न आणखी अवघड होतो. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतले बालमृत्यू १९९३ पासून देशभर चर्चेत आहेत, त्यावरच्या याचिका उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालल्या. बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला की पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके द्यायचे, या ‘डंबा’ प्रथेची बातमी अधूनमधून येते. २०२५ च्या फेब्रुवारीतही बावीस दिवसांच्या एका बाळाला असे चटके दिल्याचं उघड झालं आणि राज्यभर संताप उसळला. गुन्हा दाखल होणं योग्यच आहे, तान्ह्या जिवाला भाजण्याचं समर्थन कुठल्याही संस्कृतीच्या नावाने होऊ शकत नाही. पण पोलीस येतात चटके दिल्यानंतर. त्याआधीच्या रात्री त्या घरात काय घडतं, हे आपल्याला किती ठाऊक आहे? बाळ धाप टाकतंय, दवाखाना घाट उतरून लांब आहे, तिथे आपली भाषा कुणी बोलत नाही, भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैदू, मात्र दोन घरांपलीकडे राहतो आणि तो हाक मारताच येतो. आईला डंबा दिसतो तो उपाय म्हणून, काहीतरी केलं या दिलाशासाठी. भूमकांनाच मानधन देऊन त्यांच्यामार्फत रुग्ण दवाखान्यात आणण्याचा प्रयोग आरोग्य खात्याने मेळघाटात केला. कल्पना समजूतदारपणाची आहे. त्यामुळे बाळ दवाखान्यात लवकर पोहोचतं, की आधी चटके आणि मग दवाखाना असा क्रम होतो? मोजल्याशिवाय हे कळणार नाही, आणि ज्याला कोरकू कळत नाही त्याला ते मोजताही येणार नाही.

जे डॉक्टर या मुलखात खरोखर रुतून राहिले, त्यांच्या कामातून हीच दिशा दिसते. १९८० च्या दशकापासून बैरागडला राहून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे, ज्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, ते औषधांवर थांबले नाहीत. कुपोषण आणि न्यूमोनियाच्या मुळाशी रिकामी कणगी आहे हे दिसल्यावर ते शेतीसुधारणेत उतरले. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी बालआरोग्याची सेवा उभी केली आणि गावांचे गट पाडून तिचा परिणामही शास्त्रीय पद्धतीने तपासला. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि ४७ गावांशी तिची तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे आशाताईंमार्फत हीच कल्पना देशभर गेली. तिथे बालरोगतज्ज्ञांची फौज नव्हती. गावातल्या बाईच्या हाती कौशल्य आणि घरच्यांचा तिच्यावरचा विश्वास, या दोन गोष्टींनी काम केलं. हा विश्वास कसा तयार होतो, कशाने टिकतो, कशाने मोडतो, हा वर्तनशास्त्राचा अगदी गाभ्यातला विषय आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ही सगळी साधी व्यवहारबुद्धी आहे, तिला पीएच.डी. कशाला हवी? श्रीलंकेने याचं उत्तर दिलं आहे. शेतकऱ्यांच्या घरात कीटकनाशक हाताशी असतं आणि रागाच्या किंवा निराशेच्या क्षणी ते घेतलं जातं. तेव्हा कुलपाची पेटी दिली की जीव वाचतील, हे कुणालाही पटेल. संशोधकांनी तिथल्या १८० गावांत, पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांत ही कल्पना तपासून पाहिली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पेट्या वाटलेल्या गावांत विष घेण्याचं प्रमाण कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच देशात मोनोक्रोटोफॉससारखी अतिजहाल कीटकनाशकं १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंद झाल्यावर मात्र पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. एक उपाय माणसाच्या सवयीवर विसंबून होता, दुसऱ्याने दुकानातला माल बदलला. दोन्ही उपाय व्यवहारबुद्धीला सारखेच पटणारे होते, आणि कुठला कामाचा हे तपासल्यावरच कळलं. तपासलं नसतं तर पेट्या वाटत राहण्यात पैसा गेला असता आणि माणसंही गेली असती. वऱ्हाडात किट वाटले गेले, पथनाट्यं झाली, भिंती रंगवल्या गेल्या. त्यातलं काय लागू पडलं, याची अशी पडताळणी व्हायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मनापासून विचार करण्याजोगा वाटतो. वर्तनाचा अभ्यास करता करता आपण गरिबालाच दोषी ठरवत नाही का? तुझ्या सवयी वाईट, म्हणून तू आजारी, असं म्हणून सरकार हात झटकून मोकळं होईल. ही भीती खरी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला चार हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या गावांतून वर्षानुवर्षं येते. तिथल्या माणसाला ‘भरपूर स्वच्छ पाणी प्या’ असं सांगणं ही क्रूरता होईल. तिथे आधी वान प्रकल्पासारख्या धरणाचं पाणी नळाला यायला हवं. पण खरं वर्तनशास्त्र हेच सांगतं. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने आरोग्यसंवर्धनाची जी सनद मंजूर केली, तिच्यात कामाची पाच क्षेत्रं आहेत : आरोग्याला पोषक धोरण, पोषक परिसर, समाजाची एकत्रित कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवेची नवी दिशा. पाचांपैकी एकच क्षेत्र एकट्या माणसाशी निगडित आहे. म्हणून चांगला प्रबंध दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवत बसत नाही. अडथळा माणसाच्या मनात किती, घरात किती, बाजारात किती आणि शासनाच्या धोरणात किती, याची तो वाटणी करून दाखवतो. अशी वाटणी हातात असली की सरकारला हात झटकणं उलट अवघड जातं.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि प्राधान्याचा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर टिकत नाहीत, तिथे पीएच.डी.वाले काय करणार? आणि प्रबंध तर कपाटात धूळ खात पडतात, पदोन्नतीपलीकडे त्यांचा उपयोग काय? पहिल्या प्रश्नाला गडचिरोलीने उत्तर दिलं आहे : डॉक्टर कमी असतील तिथे गावातल्या माणसांच्या हातून काय सुरक्षितपणे करता येईल, हे शोधणंच जास्त गरजेचं. डॉक्टर हवेतच, पण त्यांच्यापर्यंत माणूस वेळेत पोहोचला तरच त्यांचा उपयोग. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर इलाज करायला हवा. आज बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींमुळे शेतकरी-शेतमजुरांच्या घरातली मुलंमुली पीएच.डी.पर्यंत पोहोचतात. पऱ्हाटीच्या ओळीत लहानपण गेलेला, खारपाणी प्यालेला, घरात कोरकू बोलणारा विद्यार्थी या विषयाला मिळणं, ही मुंबई-पुण्याच्या संस्थांनाही सहजी न लाभणारी गोष्ट आहे. त्याला पुस्तकांतून पुस्तक काढायला लावणं आणि त्याच्या गावाचा प्रश्न बाजूला ठेवायला सांगणं, हा त्याच्या बुद्धीचा आणि जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे.

वऱ्हाडाला या विषयाची परंपरा नाही, असंही नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन, आणि तेही समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढणारं. कर्ज, दारू, अस्वच्छता, पशुबळी, मुलांचं शिक्षण हे त्यांचे विषय. आधी स्वतः करून दाखवणं आणि मग समोरच्यालाच विचार करायला लावणं, या दोन्ही गोष्टी बँड्युराच्या किती तरी आधी त्यांनी ओळखल्या होत्या. अमरावतीजवळच्या मोझरीत गुरुकुंज उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ पासून कुष्ठरुग्णांना उपचारांबरोबर काम आणि मान दिला, कारण आजारापेक्षा समाजाची पाठ त्यांना जास्त जाळत होती. ही माणसं आदरस्थानी आहेतच. पण त्यांच्या पद्धतीतलं नेमकं काय माणसाला बदलतं, हे तपासून पुढच्या पिढीच्या हाती देणं हा त्या आदराचा सर्वांत उपयोगी मार्ग आहे. १९८३ साली स्थापन झालेलं अमरावतीचं विद्यापीठ आज गाडगेबाबांचंच नाव लावतं.

म्हणून मागणी अगदी ठोस आहे. अमरावतीला विद्यापीठ आहे, अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ मध्ये अमरावती, बुलडाणा आणि वाशीम इथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. फवारणीचा प्रश्न यांतल्या कुठल्याही एका आवारात मावत नाही. तेव्हा एका विद्यार्थ्याला कृषी, वैद्यक आणि समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र असे वेगवेगळ्या संस्थांतले मार्गदर्शक एकत्र मिळतील, अशी व्यवस्था विद्यापीठांनी करावी. विषय ठरवण्याआधी आशाताई, अंगणवाडी सेविका, कृषी सहायक आणि फवारणीचे मजूर यांच्याकडून प्रश्नांची यादी घ्यावी. प्रबंध कुठल्याही भाषेत असो, त्याचा सोप्या मराठीतला गोषवारा ज्या गावांत अभ्यास झाला तिथल्या ग्रामसभेत वाचून दाखवणं बंधनकारक करावं. गावाने त्यावर काय म्हटलं, हेही प्रबंधाला जोडावं. आणि परीक्षकांनी एक नियम स्वतःला घालून घ्यावा : ज्या प्रबंधाचा शेवट ‘लोकांमध्ये जनजागृती करावी’ एवढ्यावरच होतो, तो सुधारणेसाठी परत पाठवावा. माणसाला माहीत असूनही त्याचा हात कुठे अडतो, तो अडथळा कुणी, कधी आणि किती खर्चात दूर करायचा, आणि दूर झाला हे कसं ओळखायचं, एवढं ज्यात सांगितलेलं असेल त्यालाच या विषयातली डॉक्टरेट म्हणावं. अशा दहा-पंधरा प्रबंधांनी वऱ्हाडातल्या आरोग्याच्या योजना आखण्याची रीत बदलेल, आणि पुढच्या हंगामात किट वाटण्याआधी तो अंगावर चढवणाऱ्या मजुराला कुणीतरी विचारेल.